संकष्टीच्या दिवशी लाल डोंगरावर

आई,

आज संकष्टी आहे आणि मी दुपारी वरणभात, वांग्याची भाजी, पोळी असं सगळं पोटभर जेवून तुला लिहायला बसलेय. रागावू नकोस. म्हणजे रागव हवं तर, पण आधी ऐकून घे. गेल्या महिन्यात एका डोंगरावर तुझा उपास माझ्या हातून मोडला आणि कुठे काही झालं नाही. तुझ्या जावयाला सांगितलं तर म्हणाला, "अगं वा! म्हणजे आता दर महिन्याला तू आमच्यावर डाफरणार नाहीस?" घ्या! म्हणून म्हटलं, ज्याचं त्याला सांगावं. उपास तुझा, तर सांगायचं तुलाच.

तू गेलीस तेव्हा मी इथे अमेरिकेत, सनीव्हेलला होते आणि मला आठवा महिना संपत आला होता. डॉक्टर विमानात बसू देईनात. शेवटचा फोन झाला तेव्हा तुला दम लागत होता, तरी तू म्हणालीस, "माझी संकष्टी आता तू धर. लगेच नको, बाळंत हो, जरा उभी राहा, मग धर. सोडू नकोस हो. लेकराला लाभेल." तुझं तेरावं तिकडे दादाने केलं आणि मी इथे पोटावर हात ठेवून नुसती रडले. मग लेक वरणभात खायला लागली आणि मी उपास धरला. अगदी तुझ्यासारखा, कडक. साबुदाणा नाही, फळ नाही, चंद्र दिसेपर्यंत फक्त चहा आणि पाणी. तुझं शेवटचं दर्शन झालं नाही, निदान तुझा शब्द तरी पाळावा असं वाटायचं. पण खरं सांगू? त्याहून मोठी होती ती भीती. एक जरी संकष्टी चुकली तर माझ्या लेकीला काहीतरी होईल, ही भीती माझ्या मनात अशी बसली होती की हलायला तयार नव्हती. तिला ताप आला की मी आधी कॅलेंडर बघायची आणि मग थर्मामीटर.

मला तू आठवतेस ती टेलिफोन एक्सचेंजमधली. नागपूरचं ऊन, शाळा सुटली की मी थेट तुझ्या ऑफिसात. कानाला हेडफोन लावून तू बोर्डासमोर बसलेली, हात भराभर चाललेले, आणि आवाज तर असा गोड की आमच्याशी तू तसं कधी बोलायचीच नाहीस. संकष्टीला शेजारच्या बोर्डावरच्या मावशी तुला म्हणायच्या, "अहो, अर्धं केळं तरी खा, कोण बघतंय?" तू नुसती मान हलवायचीस. घरी येईपर्यंत तुझं डोकं चढलेलं असायचं. कपाळाला ओढणी करकचून बांधून तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस आणि मी गच्चीवर चंद्राची वाट बघत बसायची. एकदा खूप ढग होते. मी खाली येऊन म्हटलं, "आई, कॅलेंडरातली वेळ टळून गेली, जेव ना आता." केवढी ओरडलीस गं! "दिसल्याशिवाय नाही म्हणजे नाही, तू मला शिकवू नकोस." वरच्या काकूंनी जिन्यातून डोकावून बघितलं. मी गच्चीवर जाऊन रडत बसते. मग केव्हातरी ढग हटतात, तू वर येतेस, चंद्राला हात जोडतेस आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवतेस. जेवल्यानंतरची तू फार छान असायचीस.

आता माझ्या लेकीचं ऐक. ती लहानपणापासून या दिवसाला 'मून डे' म्हणते. "टुडे इज आईज मून डे, डोंट आस्क हर एनीथिंग," असं ती बापाला सांगायची आणि दोघं गुपचूप पिझ्झा खायला जायची. ती आता कोलोराडोत कॉलेजला आहे. मला पन्नास पूर्ण झाली म्हणून तिने भेट दिली, कुठल्यातरी रंगीत डोंगरावरचा हाइक, गाइडबरोबर, दिवसभराचा. तारीख बघितली आणि मी कपाळावर हात मारला. संकष्टी! पण पोरीने इतक्या हौसेने बुक केलेलं, कॅन्सल कर म्हणायला जीभ रेटेना. आदल्या संध्याकाळी तिच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात मी डोंगरावर डब्यात न्यायला म्हणून सगळ्यांसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या तळायला घेतल्या, तर धुराने अलार्म ठणाणा बोंबलायला लागला. तिची रूममेट ओल्या केसांनी बाहेर पळाली. लेक स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतेय आणि मी खालून ओरडतेय, "अगं पुरी जळतेय, ते राहू दे!" खूप हसलो. उद्या माझा उपास आहे हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण नाही सांगितलं.

सकाळी गाइडबाईने गाडीपाशी सगळ्यांना विचारलं, "ब्रेकफास्ट झाला?" मी आपली मान हलवली. आपण हलवतो तशी, धड हो नाही, धड नाही नाही. तिला ते हो वाटलं. मला काय, तेच हवं होतं. चाळिशीची, उंच, लांब वेणीवाली बाई, बोलायला एकदम मोकळी, पण शिस्तीची कडक. वर दुपारी विजा कडाडतात म्हणून त्याच्या आत खाली उतरायचं, असं तिने बजावलं. आम्ही दोघी आणि टेक्ससकडचं एक रिटायर्ड जोडपं, एवढीच मंडळी.

झाडं संपली आणि तो डोंगर समोर आला. आई, काय सांगू तुला! कुणी मिसळणाचा डबा उपडा करावा तसा दिसत होता. वर तिखटाचा लाल, मध्ये हळदीचा पट्टा, खाली धण्याच्या पुडीचा रंग, आणि एका बाजूला चक्क जांभळट. दगडात लोखंड आहे म्हणून तो असा गंजलाय, असं ती बाई सांगत होती. मी बघत होते, पण दर चार पावलांवर थांबत होते. बारा हजार फुटांवर श्वास मुळात पुरत नाही, त्यात पोटात नुसता सकाळचा चहा. एका वळणावर डोंगराचे रंग एकमेकांत मिसळायला लागले आणि मी मटकन खाली बसले.

गाइडबाई धावत आली. नाडी बघितली, पाणी पाजलं, आणि विचारलं, "काय खाल्लंस सकाळी?" मी बाटलीचं झाकण लावत बसले. लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग फोन काढून कॅलेंडर बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. "आई! इट्स मून डे! आर यू सीरियस?" मग तिनेच सगळं समजावून सांगितलं. गाइडबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, धर्माचं असेल तर मी बळजबरी करणार नाही, पण उपाशीपोटी वर नेणारही नाही. खात नसशील तर सगळेच खाली जाऊ. ते म्हातारं जोडपं बिचारं म्हणालं, आमची काही हरकत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. डोळ्यांत पाणी. "व्हाय, आई? कशाला करतेस हे?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी गं. आजी सांगून गेली, तुला लाभेल म्हणून." ती म्हणाली, "माझ्यासाठी? मला वाटायचं मी तुला आवडत नाही त्या दिवशी." आणि मग, तिच्या त्या अर्ध्यामुर्ध्या मराठीत, "माझ्यासाठी करते ना तू? मग माझ्यासाठी खा."

मी पुरी खाल्ली. एक, मग दुसरी, मग लोणच्याच्या फोडीबरोबर तिसरी. त्या म्हाताऱ्यांनीही खाल्ल्या, गाइडबाईने तर चार उडवल्या आणि रेसिपी मागितली. अर्ध्या तासाने आम्ही हळूहळू निघालो आणि त्या लाल कड्यापर्यंत पोचलोदेखील. फोटो काढले. पण खरी परीक्षा उतरताना होती. सगळीकडे सुटे दगड, पाय घसरणारे, आणि माझी लेक पुढे टणाटण उड्या मारत चाललेली. तिच्या प्रत्येक पावलाला माझ्या छातीत धस्स होत होतं. आता पडेल, आत्ता पडेल, आपण उपास मोडला. गणपतीला म्हटलं, बाबा, काय शिक्षा करायची ती मला कर. गाडी दिसली, ती गाडीला टेकून उभी राहिली, धडधाकट, बुटातली खडी झटकत. बाई गं! माझ्या अंगातून जे काही गेलं ना, इतक्या वर्षांचं, ते सगळं तिथेच त्या पार्किंगमध्ये गेलं. मी इतकी हसायला लागले की लेक म्हणाली, "आई, आर यू ओके?" मी ओके होते. वीस वर्षांत इतकी ओके नव्हते. रात्री चंद्र केव्हा उगवला मला माहीत नाही, मी घोरत होते म्हणे.

आज सकाळी तिचा फोन आला, घाबरत घाबरत, "आई, मून डे आहे ना?" म्हटलं, "आहे, पण मी पोहे खाल्ले." ती जी बोलत सुटली ती तासभर. क्लास, रूममेट, एक मुलगा, सगळं.

दादाला वाटतं तू अजून सगळं बघतेस. असशील बघत, तर हे कागद वाचायची गरजच नाही तुला, आणि नसशील तर पाठवू कुठे. तेव्हा हे इथेच राहतील, माझ्या ओढणीच्या खणात. फक्त एक गोष्ट राहिली, ती मी लेकीलाही सांगितलेली नाही. पाणी प्यायल्यावर माझी चक्कर थांबली होती, आई. "माझ्यासाठी खा" असं ती म्हणाली ना, त्याच्या आधीच माझा हात पुऱ्यांच्या डब्यात गेला होता.