पंख वर, इंजिनं चार

गुरुजी, गेल्या महिन्यात पलासियाला जाऊन मी विमानं ओळखण्याचं पुस्तक विकत आणलं. लढाऊ, मालवाहू, प्रवासी, सगळी एकत्र असलेलं. दुकानदारानं आधी विचारलं, "सर जी, बच्चा कौन सी क्लास में है?" बच्चा पंचावन्न वर्षांचा असून समोरच उभा आहे म्हटल्यावर त्यानं सभ्यपणे तीन पुस्तकं काढून ठेवली आणि वर सल्लाही दिला, "भिया, मोबाइल में ॲप डाल लो ना. प्लेन ऊपर से निकला नहीं कि नाम बता देता है." ॲप माझ्याकडे आहे. पण ते आज उडणाऱ्यांची नावं सांगतं, आणि वायुसेनेची विमानं त्यात बहुधा दिसतच नाहीत. मला हवी होती तुम्ही पाहून वहीत नोंदवलेली विमानं. त्यांतली निम्मी आता भंगारात गेली असतील, नाहीतर कुठल्याशा चौकात सिमेंटच्या खांबावर चढून बसली असतील.

झालं असं, की ताईंनी, म्हणजे तुमच्या लेकीनं, माळा आवरताना ती वही शोधून काढली. पाठशाळेच्या ग्रंथालयाला द्यायची म्हणाल्या. पण अशीच नाही. तुमचीच लेक ती. प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीनं एक रकाना आखला, वर 'पडताळणी' असं लिहिलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. "तूच बाबांचा चेला. प्रत्येक नोंदीपुढे सही कर. आणि एखादं ढंगाचं पुस्तक घेऊन ये, अंदाजपंचे काम नको." मी हो म्हटलं खरं, पण त्या क्षणी मला वहीतली एकच नोंद आठवत होती. तिच्यापुढे सही करायची म्हणजे खोटं दुसऱ्यांदा बोलायचं.

ती नोंद पुढे येईलच. आधी पुस्तकाचं सांगतो, कारण निवडताना तुम्ही सारखे कानाशी होतात. हातोदकडून उतरणारी विमानं पाठशाळेच्या पत्र्यावरून जायची आणि न्यायशास्त्राचा पाठ थांबायचा. बाकीचे गुरुजी चिडायचे; तुम्ही त्या आवाजालाच कामाला लावलंत. "आधी लक्षण, मग नाव" हा तुमचा नियम. विमान म्हणजे काय, असं विचारलंत तेव्हा मी ताठ उभा राहून म्हणालो होतो, "पंख असून जे उडतं ते." तुम्ही शांतपणे म्हणालात, "छान. मग बगळ्याचं तिकीट काढ आणि ये मुंबईला जाऊन." वर्ग हसला, आणि अतिव्याप्ती म्हणजे काय, लक्षण नको त्यालाही कसं लागू पडतं, हे मला जन्मभरासाठी कळलं. मग तुम्ही तीन खुणा दिल्यात: पंख धडाच्या वर की खाली, इंजिनं किती आणि कुठे, शेपटी कशी. त्या सांगितल्याशिवाय नाव उच्चारलं की कान धरून खाली बसवायचात.

तर पहिलं पुस्तक जाडजूड, देशवार आणि आत अकारविल्हे. म्हणजे ज्याला नाव आधीच ठाऊक आहे त्यालाच विमान सापडणार. असला कोश तुम्ही पाट म्हणून वापरला असतात. दुसऱ्यात फोटो असे की लग्नाच्या अल्बमनं लाजावं, पण सगळे बाजूनं नाहीतर वरून काढलेले. आपण इंदूरची माणसं विमान पाहतो ते खालून, त्याच्या पोटाकडून. शिवाय ते इतकं ताजं होतं की सेवेतून निवृत्त झालेल्यांना त्यात जागाच नव्हती. तिसरं बारीक, जुन्या आवृत्तीचं, कोपरे दुमडलेलं. त्यात नुसत्या काळ्या आकृत्या, प्रत्येक विमानाच्या तीन: समोरून, बाजूनं, खालून. आणि मांडणी कशी, तर पंख वर, पंख खाली, इंजिनं दोन, इंजिनं चार. लक्षणावरून नावाकडे! मी दुकानातच हसलो. दुकानदार म्हणाला, "ये तो पुराना माल है, सर जी." मी म्हटलं, मी तरी कुठे नवा आहे.

पंधरा दिवस ताईंच्या जेवणघरात बसून सह्या केल्या. त्या पोहे करताहेत, मी आकृत्या जुळवतोय, मधूनच विचारतात, "बाबा बरोबर होते ना?" तुम्ही बहुतेक ठिकाणी बरोबर होतात. दोनदा चुकलात, तेही ढग होते असं तुम्हीच कडेला लिहून ठेवलंय. तुमच्या प्रत्येक नोंदीत 'प्रमाण' असा रकाना आहे आणि त्यात 'प्रत्यक्ष', म्हणजे स्वतः पाहिलं. मग काचबिंदूनं तुमची दृष्टी नेली. तिथून अक्षर माझं आहे आणि रकान्यातला शब्द बदललाय: 'आप्तवाक्य', म्हणजे विश्वासाच्या माणसानं सांगितलं म्हणून. तो विश्वासाचा माणूस मी, वय वर्षं अठरा.

त्या दुपारी आपण दोघं गच्चीवर आहोत. तुम्ही खाटेवर, मी कठड्याशी. नुकतीच मी तुम्हाला वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवलीय, की वायुसेनेनं रशियाकडून प्रचंड मालवाहू विमानं घेतली आहेत. तुम्ही म्हणालात, "आमचे डोळे असताना नाही आली ही." विमान येतं तेव्हा माझं लक्ष खाली गल्लीत आहे. समोरचे वकीलसाहेब स्कूटर शिकताहेत आणि तिसऱ्यांदा वाळूच्या ढिगात शिरताहेत. आवाज डोक्यावरून निघून जातो. तुम्ही विचारता, "हं, पंख?" मी खाली बघत म्हणतो, "वर." "इंजिनं?" "चार." "शेपटी?" "इंग्रजी टीसारखी." तुम्ही खाटेवरून उठून उभे राहता. "निःसंशय?" वकीलसाहेब आता वाळूतून निघताहेत. "निःसंशय, गुरुजी." मग तुम्ही जे बोललात ते मी कधी विसरलो नाही: "आवाज तर रोजच्यासारखाच वाटला. पण डोळस साक्षीदार असताना कानांचं कशाला ऐकायचं? लिही. प्रमाण, आप्तवाक्य." मी लिहिलं. अक्षर सुरेख आलंय.

पुढं सहा महिने येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ते विमान ऐकवलंत. दूधवाल्यालासुद्धा.

काल ती नोंद आली. पुस्तकातली आकृती तंतोतंत जुळली, जुळणारच. बातमीत वाचलेलीच लक्षणं मी सांगितली होती. पेन टेकवलं की काम संपत होतं. ताई डोकावून म्हणाल्या, "हेच ना ते बाबांचं मोठ्ठं विमान? कर सही." मला जमेना. म्हटलं, "ताई, मी वर पाहिलंच नव्हतं." आणि स्कूटरसकट सगळं सांगून टाकलं. अठराव्या वर्षी भीती वाटली नव्हती, ती पंचावन्नाव्या वर्षी वाटली, की वही मिटून म्हणतील, जा आता.

त्यांनी गॅस बंद केला. "अरे, मी तर तिथेच होते ना! तुमच्या पाठीमागे बटाट्याचा कीस वाळत घालत होते. रोजचं मुंबईवालं होतं ते. पंख खाली, इंजिनं दोन."

"मग बोलला का नाहीत?"

"पागल आहे का मी? डोळे गेल्यापासून बाबा पहिल्यांदा आपणहून उठले होते. आणि वर मला म्हणाले, चहा टाक, दोन कप. मी बोलणार होते तेव्हा?" मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत, "पण तू मात्र फेकू निघालास हं. आणि बाबा तुला आप्त समजत होते!"

मी खोडायला पट्टी घेतली. त्यांनी ती काढून घेतली. म्हणाल्या, बाबांच्या वहीत काट मारायची नाही, काय घडलं ते कडेला लिही. मी म्हटलं, ग्रंथालयात चारचौघं वाचतील. "वाचू दे की. टेंशन कशाला घेतोस? आता कोण तुला कान धरायला लावणारे?" मग मी लिहिलं: 'साक्षीदारानं विमान पाहिलं नव्हतं. साक्षीदार मीच.' खाली सही. ताईंनी पेन मागितलं आणि माझ्या सहीखाली, तुमच्यासारखीच शेवटची रेघ लांबवत, लिहिलं: 'मी पाहिलं होतं. पंख खाली, इंजिनं दोन. प्रमाण: प्रत्यक्ष.' तुमची नोंद आता दुरुस्त आहे, गुरुजी. जरा उशीर झाला, आणि विमान रोजचंच निघालं, त्याबद्दल आम्हां दोघांना क्षमा असावी.

हे पत्र वहीत ठेवावं असं मनात आलं होतं. पण ताई म्हणतील हेही पडताळून घे, म्हणून माझ्याच टेबलाच्या खणात राहू देतो. एवढंच सांगायचं राहिलं, की सह्या संपल्यावर आम्ही गच्चीवर गेलो होतो. हातोदच्या बाजूनं एक आलं, बरंच खालून. ॲपमध्ये काहीच दिसेना, म्हणजे वायुसेनेचं असणार. ताई ओरडल्या, "बघ, बघ, पंख बघ!" खरं सांगतो, पंख वर होते की खाली ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. आम्ही हात हलवत होतो.