हे फाईलवर नको

४ फेब्रुवारी

पुन्हा पुढे ढकललं! कँटीनमधल्या टीव्हीखाली आम्ही सगळ्या ताटं हातात धरून उभ्या. सभागृहात आरडाओरडा, मग कामकाज तहकूब. झालं! कायदा लटकलेलाच. आधीच्या आजाराचं कारण सांगून कुठल्याही मुलाला विमा नाकारता येणार नाही — एवढंच तर त्यात म्हटलंय. त्यावर माझं घरी जाणं अडलंय.

माझ्या लेकीच्या, बिट्टीच्या हृदयाला जन्मतःच भोक. दोन ऑपरेशनं झाली, पुढेमागे तिसरं लागेल म्हणतात. तिकडे एकाही विमा कंपनीने तिला दारात उभं केलं नाही. ह्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, तिथे कसला आलाय विमा! या रंगाच्या कारखान्यात मात्र कामगारांच्या मुलांचा जुना आजारही विम्यात धरतात. म्हणून मी इथे. बिट्टी, तिचे बाबा आणि माझे सासरे तिकडे. मी म्हणजे आमच्या घरातली कमावती विमा पॉलिसी!

९ फेब्रुवारी

दिवसभर पांढरा. पत्र्याच्या तुकड्यावर रंग ओढायचा, वाळवायचा, नमुन्याशेजारी दिव्याखाली धरायचा. लोकांना वाटतं, पांढरा तो पांढराच. त्यांना इथे एक दिवस बसवायला हवं.

दुपारी एक पिवळसर निघाला — हुबेहूब आमच्या स्वयंपाकघराची भिंत! तीच, जिला डोकं टेकून बिट्टी दूध पिते आणि डाग पाडते. मी पत्रा हातात घेऊन बसूनच राहिले. शेजारची म्हणाली, "अगं बाई, पास की नापास? का ओवाळणारेस त्याला?" नापास होता. टाकवला नाही. पर्समध्ये आहे.

१० फेब्रुवारी

फोन लागला नाही.

१५ फेब्रुवारी

आज लागला. बिट्टीने आधी कॅमेऱ्यात गुडघाच घुसवला. खरचटलाय. वर दटावून सांगते, "आई, हे फाईलवर नको हं!" हसून हसून पुरेवाट झाली.

गेल्या वर्षीची आमच्या घरची थट्टा ही. तेव्हा एक विमा जवळजवळ ठरला होता. मी तर सामान बांधायला घेतलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी बिट्टीचा लांबलेला खोकला फाईलमध्ये लिहिला आणि विमावाल्यांनी त्यावर बोट ठेवून हात वर केले. मी रजेवर घरी गेले, तेव्हा एजंट चहा पिता पिता म्हणाला, "ताई, फाईलवर जितकं कमी, तितकं बरं." बिट्टी तिथेच जमिनीवर चित्र रंगवत होती. तेव्हापासून घरात कुणाला शिंक आली तरी कुणीतरी म्हणतंच — हे फाईलवर नको! हसतो खरे. माझी बॅग मात्र परत उघडावी लागली होती.

२२ फेब्रुवारी

नाना फोनवर तणतणत होते. "सूनबाई, तुझी लेक मला म्हातारा करून सोडणार! शाळेतून आणतो तर प्रत्येक मजल्यावर बसवते. मी म्हणतो चल, तर म्हणते, नाना, तुम्ही दमलात, बसा. अगं, मी अजून दोन मजले चढेन!"

मागून बिट्टी, "त्यांचे गुडघे दुखतात ना!"

किती समजूतदार झाली पोर. माझ्यामागे झाली. तिला असं नानांचा हात धरून पायरीवर बसलेलं मला बघायचं होतं. सगळं मला ऐकूनच कळतं.

३ मार्च

ह्यांच्याशी भांडायचंय. फोनवर नाही! फोनवर जरा सूर चढला की ह्यांची रेंज जाते. समोर बसून, आदळआपट करून भांडायचंय आणि मग दोघांनी न बोलता जेवायचंय. बिट्टीची वेणी घालायचीय. ती "ओढू नकोस" म्हणून ओरडेल. ओरडू दे. फार आठवण येते. बाकी काही लिहायला नाही आज.

१० मार्च

झाला! कायदा मंजूर झाला!! कँटीनमध्ये मी मोठ्याने रडले. शेजारचीने माझं ताट धरलं नसतं तर आमटी साहेबांच्या अंगावर गेली असती. साहेब म्हणाले, "म्हणजे आता आमचा पांढरा कोण बघणार?"

हे फोनवर नुसतेच "खरंच? खरंच?" करत राहिले. मग म्हणाले, "एप्रिलपासून लागू आहे. पॉलिसी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस." नेहमीसारखं माझ्या आनंदावर झाकण! पण बरोबर आहे त्यांचं.

६ एप्रिल

आली! ह्यांनी फोटो पाठवला. बिट्टीचं नाव, खाली हृदयाचा आजार लख्ख लिहिलेला आणि तरी होकार. दहादा वाचलं. राजीनामा दिला.

बिट्टीने विचारलं, "आता ते परत काढून घेणार नाहीत ना?"

"नाही गं."

"डॉक्टरांनी फाईलवर काहीही लिहिलं तरी?"

"काहीही लिहू देत. मी येतेच आहे."

मग फोन बाबांकडे देऊन पळाली. मला वाटलं, नाचायला गेली असेल.

१७ एप्रिल

खोली रिकामी. शेजारची स्टेशनवर येते म्हणाली, नको म्हटलं. ती रडली की मी रडते. पिवळसर पत्रा सगळ्यात वर ठेवलाय. भिंतीला लावून बघणार!

१८ एप्रिल

घरी आले. बिट्टी खाली उभीच होती. मला बिलगली, सोडेचना. हे बॅगा घेऊन पुढे गेले, नाना वर दारात वाट बघत होते. आम्ही दोघी मागून चढलो. पहिल्या मजल्यावर ती पायरीवर बसली. मी चिडवलं, "नाना तर वर आहेत, आज कुणासाठी थांबलीस?" तिला धाप लागली होती.

"आई, नाना दमत नाहीत. मीच दमते. हे आता फाईलवर चालेल ना?"