रॉडवरचं नाव

घुग्घुस,
९ नोव्हेंबर

प्रिय रिना,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण विक्की दिवसभर दुकानात माझ्या शेजारच्या स्टुलावर असतो, आणि तुझं तर मला लहानपणापासून माहीत आहे, दोन वाक्यं झाली की रडायला लागतेस आणि कामाचं बोलणं राहतं बाजूला. म्हणून पत्र. येत्या रविवारी विक्की सिंदेवाहीला तुझ्या घरी येतोय. एकटाच येतोय, मला नको म्हणालाय. त्याच्या खिशात एका तुटक्या कनेक्टिंग रॉडचा बोटभर तुकडा असेल आणि तो तुला त्याबद्दल एकच प्रश्न विचारेल. तू काय उत्तर देतेस त्यावर माझा संसार राहतो की जातो ते ठरणार आहे. तो पोचायच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून आज दुकान उशिरा उघडणार आहे.

आधी इकडची हालहवाल. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. तुला निरोप पाठवला होता, तू आली नाहीस, तुझी मुलगी तेव्हा तान्ही होती म्हणे. असो. इंजिनं बोअर करायचं दुकान आता मीच चालवते. कोळशाची धूळ तीच, खाणीतल्या शिफ्टवाल्यांच्या फटफट्या त्याच, फक्त पाटीवर बाबांच्या नावाखाली माझं नाव आलंय. विक्कीला खोट्या पायाची सवय झालीय, उन्हाळ्यात मात्र घामाने आतली कातडी सोलून निघते. मलम मी लावते. लग्नाला चार वर्षं झाली, रोज मीच लावते. हे वाचून तुला बरं वाटणार नाही, पण तुला बरं वाटावं म्हणून मी लिहीतच नाहीये.

तुला त्या इंजिनातलं तेव्हाही काही कळत नव्हतं, त्यामुळे पहिल्यापासून सांगते. मूल गावाच्या पुढे नव्या रस्त्याचा तुकडा बांधून तयार होता, वाहतुकीला उघडायचा होता. तिथे फेब्रुवारीत चारशे मीटरची शर्यत ठरली आणि विक्कीच्या डोक्यात भूत शिरलं. खाणीतली पहिली पाळी संपली की तसाच काळ्या तोंडाने तो दुकानात यायचा. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणून त्याच्या फटफटीचं इंजिन माझ्याकडे आलं. आता गंमत अशी, की पिस्टनची हौस सगळ्यांना असते, त्याला खालच्या क्रँकशी जोडणाऱ्या रॉडची कोणालाच नसते. पिस्टन चकचकीत दिसतो, दोस्तांना दाखवता येतो. विक्कीने फोनवर एक पिस्टन पसंत करून ठेवलेला, डोक्यावर स्तूपासारखा उंच घुमट असलेला. मी म्हटलं, आधी रॉड निवड, मग त्या रॉडला झेपेल असा पिस्टन बघू, नवरीआधी मांडव कसला घालतोस. तो हसला होता. तेव्हा तुमची सोयरीक ठरून आठ दिवस झाले होते आणि मला ते माहीत नव्हतं.

निवडायला आम्हांला तीन आठवडे लागले. ओतीव पिस्टन स्वस्त आणि शांत, पण फार जोर दिला तर तडकतो. घडीव पिस्टन दणकट, पण तापला की जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये त्याला जागा मोकळी सोडावी लागते आणि गार असताना तो कटकट वाजतो. विक्की म्हणे, वाजू दे. मग वजन. मी सोनाराकडून तराजू मागून आणला आणि दोन पिस्टन सोन्यासारखे जोखले. घुमटाचा जड निघाला, तो मी बाद केला. विक्की दोन दिवस रुसला. मग त्याला खडूने फळीवर काढून दाखवलं, की रॉड दाबाने मोडत नाही. स्फोट होतो, पिस्टन रॉडला खाली ढकलतो, ते तो सोसतो. खरी कसोटी असते पिस्टन वर जाऊन थांबतो तेव्हा. वरून दाब नसतो आणि धावत्या पिस्टनला रॉड एकटा मागे ओढून आणतो. जोरात असताना थ्रॉटल सोडला की ती ओढ सगळ्यांत वाईट. म्हणून पिस्टन हलका घ्यायचा आणि रॉड असा, की ज्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, तुझ्यासारखं डोकं खाणीत इंजिनिअरलाही नाही. रिना, ते तीन आठवडे माझे होते. तू संध्याकाळी डबा घेऊन यायचीस, स्टुलावर पाय हलवत बसायचीस आणि झालं का, झालं का विचारायचीस, तेवढा वेळ सोडून.

शेवटी राजकोटहून घडीव पोलादाचा रॉड मागवला. आडव्या रेघेपासूनच तडा सुरू होतो म्हणून असल्या रॉडला पॉलिश करतानासुद्धा कागद लांबीच्या दिशेने फिरवायचा, आडवा नाही, हे बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलेलं. पार्सल चंद्रपूरला ट्रान्सपोर्टच्या गोदामात आलं. विक्कीला पाळी बदलून मिळेना. तू गोल बाजारात लग्नाची भांडी घ्यायला जाणारच होतीस, म्हणून पार्सल सोडवायचं काम तुझ्याकडे आलं. भांडी घेतलीस, दुकानदाराने पातेली, परात, गुंडी, सगळ्यांवर मशीनच्या सुईने नाव घातलं, आणि तुझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तू खोक्यातला रॉड काढून त्याच्यापुढे ठेवलास. त्या बिचाऱ्याला रॉड काय आणि उलथणं काय. तीन आठवडे आम्ही डोकं फोडत होतो आणि तू आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यास.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू दुकानात आलीस ती नाचतच. बाबा घरी डोळ्याला पट्टी बांधून पडलेले. रॉडवर मधोमध कोरलं होतं, रिना. तू म्हणालीस, "पाह्य मंजू, आता मी त्याच्या इंजनातच राहीन. कोनाले दिसनार बी नाई." मी तो उजेडात धरला. नावाची शिरोरेखा रॉडच्या लांबीला होती, तिचं काही नव्हतं. पण शेवटचा काना रॉडवर आडवा उतरला होता आणि सुई तिथे जरा जास्तच रुतली होती. मी म्हटलं, छान दिसतंय. तुला आठवत असेल, मी तुला चहासुद्धा पाजला. तू गेल्यावर पॉलिशचा कागद घेऊन अर्धा तास घासलं असतं तर नाव निघून गेलं असतं, रॉड पुन्हा कोरा झाला असता आणि तुला जन्मात कळलं नसतं. कागद माझ्या हातात होता. मी तो परत डब्यात ठेवला, रॉड प्रेसखाली घेतला आणि क्रँकमध्ये दाबून बसवला.

तू विचारशील, का. तो पडावा, त्याचा पाय जावा, असं मला वाटलं होतं का? नाही ग. मला वाटलं, दोन-चार महिन्यांनी कधीतरी घुग्घुसच्याच रस्त्यावर इंजिन खडखडेल, बंद पडेल, तो ते ढकलत माझ्याकडे आणेल. मी ते उघडेन, तुझ्या नावापाशी पडलेला तडा त्याला दाखवेन आणि म्हणेन, बघ, हिने काय केलं. एवढंच हवं होतं मला. लोक सवतीच्या अंगावर उकळतं पाणी टाकतात, मी तर नुसतं एक काम केलं नव्हतं. असं स्वतःला मी बरेच दिवस सांगितलं.

पुढचं तू पाहिलंस, मी पण पाहिलं. पहिली फेरी त्याने जिंकली, दुसरी जिंकली. तिसऱ्या फेरीला तो गाडीभर अंतराने पुढे होता, रेघ ओलांडली, थ्रॉटल सोडला आणि नेमका तेव्हाच रॉड तुटला. मागचं चाक जाम झालं आणि तो दगडांच्या ढिगावर जाऊन आदळला. नागपूरला नेईपर्यंत पाय काळा पडला होता. गावात बाबांबद्दल बोभाटा झाला, की खुशालभाऊचे हात गेले, डोळे गेले, तरी कामं घेतो. खरं म्हणजे बाबांनी त्या इंजिनाला बोटही लावलेलं नव्हतं. पण पोरीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून जो विचारेल त्याला ते सांगत सुटले, काम माझ्या हातचं होतं. गिऱ्हाईक तुटलं. मरेपर्यंत जेवताना मध्येच हात थांबवून म्हणायचे, "काऊन तुटला असन वो, बाई?" नाव त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तुटका तुकडा मी ट्रंकेत टाकला होता आणि त्यांना मी म्हणायचे, पोलादातच खोट असेल.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. विक्की दुकानात बसून तुटलेले भाग वाचायला शिकलाय. भिंग घेऊन तुटल्या तोंडावरच्या रेघा बघतो, झाडाच्या खोडात असतात तशा गोल गोल, आणि त्या जिथून निघतात तिथे तडा सुरू झाला असं ओळखतो. दुकानाला ते उपयोगाचं आहे म्हणून मीच भिंग आणून दिलं. ट्रंक आवरताना त्याला तो तुकडा सापडला. सगळ्या रेघा तुझ्या कान्यापाशी गोळा झाल्या होत्या. मला वाटलं, आता तरी तो तुझ्या नावाने बोटं मोडेल. सहा वर्षं मी त्याच क्षणाची वाट बघत होते. तर हा डोळे पुसत बसला. म्हणाला, "तिले काय माईत होतं बिचारीले. तिले जाऊन सांगतो, तुहा दोष नाई म्हनून." मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे वळला आणि विचारलं, की ज्याने रॉड बसवला त्याला हे नाव दिसलं कसं नाही. मी म्हटलं, तेव्हा मी वणीला मावशीकडे गेले होते, रिनाने रॉड घरी आणून बाबांच्या हातात दिला आणि बाबांनी डोळ्याला पट्टी असताना चाचपून बसवला. त्याने तो तुकडा खिशात टाकला. मग म्हणाला, तिलाही विचारतो, रॉड कोणाच्या हातात दिलास.

तर रिना, त्याने विचारलं की तू म्हणायचं, खुशालकाकांच्या हातात दिला. तीन शब्द आहेत. मेलेल्या माणसाचं आणखी काय जायचं आहे? बापावर ढकलायची तुलाही सवय आहे. नागपूरच्या दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीपाशी तू माझा हात धरून म्हणालीस, "मंजू, मले लंगड्या मानसासंग जिंदगी नाई काढता येनार. घरच्याईनं मना केलं असं सांगजो त्याले." तुझे बाबा, लटारूकाका, तर तयार होते, मंडपाचा इसारही त्यांनी परत मागितला नव्हता. तुझा निरोप मी नेऊन दिला, शब्दाला शब्द. विक्की अजून तेच खरं धरून आहे, बाजारात लटारूकाका समोर आले तर वाट बदलतो आणि तुझ्याबद्दल वाईट शब्द ऐकून घेत नाही. तुला कदाचित असं सुचेल, की हे पत्रच त्याच्यापुढे ठेवावं. ठेव. तुझं वाक्य मी मुद्दामच याच पानावर लिहिलंय, त्यालाही माझं-तुझं दोन्ही एकदम वाचायला मिळेल. तो साडेदहाच्या बसने येईल. घराला पायऱ्या असतील तर हात देऊ नकोस, त्याला चालत नाही. चहात साखर अर्धा चमचा. आणि विचारेल तेव्हा खाली बघू नकोस, तू खोटं बोलताना खाली बघतेस हे त्याला माहीत आहे. तुला तो माफ करेलच, केलंय त्याने. मला करणार नाही, आणि मला तो हवा आहे.

मलाही दुसरं कोण आहे, म्हणून तुझीच
मंजुषा