मामा, आईचा जंतू सापडला

प्रिय मामा,

आधी सॉरी. माझं शुद्धलेखन कसं आहे ते तुला माहीत आहे, आणि मराठी कीबोर्डवर जोडाक्षर शोधायला मला फार वेळ लागतो. एवढं लिहीपर्यंत चहा गार झाला. पण हे कुणाला तोंडाने सांगायला मला जमणार नाही, म्हणून तुला लिहितेय.

आज आईचा रिपोर्ट आला. जंतू सापडला. "शिगेला" असं नाव आहे त्याचं. हे ऐकून माणूस घाबरतो ना? मी क्लिनिकच्या पायरीवर बसून हसत होते. बाबांना वाटलं, हिला ऊन लागलं.

तुझ्या रिपोर्टमध्ये काहीच सापडलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात तुला जुलाब लागले, रक्त पडायला लागलं, आणि तू आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीस. मी फोनवर विचारलं तर म्हणे, "काय नाय गो, उष्णतेचं आहे." मला लाजाळू म्हणायचास, आणि तू? गावाहून आणलेल्या गोळ्यांचा तुझा तो डबा. इथे आखातात, मुसफ्फाच्या त्या कामगारांच्या रूममध्ये कुणाचंही पोट बिघडलं की त्यातलीच पांढरी गोळी. स्वतःलाही तीच घेतलीस, आणि गोळ्या खाऊन झाल्यावर मग सॅम्पल द्यायला गेलास.

रिपोर्ट आला, आजाराचा जंतू मिळाला नाही. तू किती खूश! "बघ, क्लीन आला." आणि तसाच परत साइटवर गेलास. त्या उन्हात, पोट वाहत असताना. तिथेच पडलास. अंगातलं पाणी संपून किडनी बंद पडली होती.

नंतर हॉस्पिटलच्या डॉक्टरने बाबांना समजावलं. शौचाचं सॅम्पल लॅबमध्ये प्लेटवर पसरवतात आणि जंतू वाढायची वाट बघतात. आधीच गोळी खाल्ली असेल तर जंतू अर्धमेले होतात, प्लेटवर उगवतच नाहीत. पण पोटात असतात. मी बाबांच्या मागे उभी राहून सगळं ऐकलं. आधी सॅम्पल दिलं असतंस तर वाचला असतास, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच माहीत नाही. पण निदान कळलं असतं ना?

या आठवड्यात आईला तसंच झालं. तेच रक्त. बाथरूममधून आली ती भिंत धरून, आणि सरळ तुझा डबा काढला. हो, तो आम्ही ठेवलाय.

मी डबा ओढून घेतला.

"दे इकडे."

"आधी सॅम्पल. मग डॉक्टर देतील ते."

"आली मोठी डॉक्टरीणबाई. नववी पास."

लागलं मला. मी शाळा सोडली तेव्हा सगळे ओरडले होते, फक्त तू ओरडला नव्हतास. पण डबा सोडला नाही. "मामाने आधी गोळी घेतली होती," एवढंच म्हटलं. आई खाली बसली. मग हळूच म्हणाली, "मीठ-साखरेचं पाणी तरी देशील?" ते दिलं. बाबा फार्मसीतून सॅम्पलची डबी घेऊन आले.

पुढचं ऐक, तू हसशील. आईला एवढी लाज की तिने ती डबी फॉइलमध्ये गुंडाळली, मग पिशवीत, मग बाबांच्या टिफिनच्या बॅगेत. क्लिनिकच्या काउंटरवर मल्याळी सिस्टर होती. तिने बॅग उघडली. "ये लंच है क्या?" मागे लाईनमध्ये माणसं उभी होती. मामा, मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण तिने विचारलं, "कोई दवाई लिया?" आणि आईने मान फिरवली, बाबा पार्किंगमध्ये. मग मीच बोलले. मोठ्याने. "नहीं लिया. कुछ नहीं लिया. खून आ रहा है, अभी का सॅम्पल है."

"गुड," ती म्हणाली. "अभी प्लेट में उगेगा, तब बोलेगा कौन है."

आईला लगेच सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, आणि आज तो जंतू उगवल्याचा रिपोर्ट आला. कुठल्या औषधाने तो मरतो आणि कुठल्याने नाही, तेही त्यात आहे. आईला दिलेलं बरोबर होतं. तुझ्या पांढऱ्या गोळीने तो पुरता मरत नाही. डॉक्टर तसं म्हणाले तेव्हा आई माझ्याकडे बघत राहिली. घरी आल्यावर पेज मागितली. वर लोणचंही मागितलं, ते मी दिलं नाही.

तुला एक शब्द देते. या रविवारी मी बाबांबरोबर तुझ्या रूमवर जाणार. तिथे अजून तेच सगळे राहतात, आणि एवढ्या माणसांसमोर बोलायची मला लाज वाटते. तरी मीच बोलणार, बाबा नाही. रक्त पडलं तर लपवू नका, मनाने गोळी घेऊ नका, सॅम्पल द्या, आणि रिपोर्ट क्लीन आला तरी पोट थांबलं नसेल तर परत जा. कुणी हसलं तर हसू दे.

अरे हो, आपल्या बिल्डिंगची कधीपासून बंद असलेली लिफ्ट चालू झाली. आत आरसा पण लावलाय.

तुझी,
पिंकी