विहिणीकडची पिशवी

नारिन, ११ जून

ती. झुराकान एजेस,
धाकट्या बहिणीचा, बुरुल्चाचा सलाम वि. वि.

तू कुरणावर गेलीस की तुझा फोन बंद, म्हणून लिहिणं आलं. शाळा मी मेंढ्यांपायी सोडली हे तुला माहीत आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस. पत्र दुधाच्या गाडीवाल्याकडे देते आहे.

बातमी एकच आहे आणि ती वाईट आहे. काल डॉक्टरणीनं मला काट्यावर उभं केलं. नव्याण्णव. तीन वर्षांपूर्वी पोट कापून घेतलं तेव्हा एकशे सव्वीस होते, नंतर अठ्ठ्याहत्तरवर आले. तू मला बाजारात ओळखलं नव्हतंस. त्यातले एकवीस किलो घरी परत आले आणि येताना साखरही घेऊन आले. ती तर पार गेली होती. डॉक्टरीण म्हणाली की सप्टेंबरात तीन महिन्यांची साखर सहाच्या खाली दिसली नाही तर रोज सुई. आपल्या आईनं सुया घेतल्या, तरी शेवटी पाय कापावाच लागला, हे मी तिला सांगितलं नाही. तुला सांगते आहे, कारण मला झोप येत नाही.

मी तिला म्हटलं की तुम्ही माझं पोट काकडीएवढं करून ठेवलंत, मग हे सगळं आत जातं कुठून. ती म्हणाली की तेच तिला माझ्याकडून ऐकायचं आहे. आता आधी अंडं नाहीतर मांस, चहा जेवणानंतर अर्ध्या तासानं, आणि मधे काहीही नाही. एजे, मी तीन घासांत उठते. कुणालाही विचार.

तुझ्या गुडघ्यांना जप. माझ्यावर रागावलीस तरी लिहून कळव.
तुझी बुरुल्चा


सोन-कोलचं कुरण, १९ जून

चि. बुरुल्चास,
थोरलीचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. त्यावर तुपाचा डाग होता. गाडीवाल्याचा की तुझा, ते मी विचारलं नाही. इथं तांबड्या घोडीला शिंगरू झालं. थंडी अजून आहे.

तीन घास खातेस हे मला मान्य. पण तुझ्या लेकीच्या, उल्जानच्या सासरी तुला दर वेळी मेंढीच्या शेपटीजवळचा तुकडा वाढतात, सगळ्यांत मानाचा आणि निम्मा चरबीचा. तीन घासांनंतर उरलेला जातो कुठं? पिशवीत. पिशवी जाते कुठं? तुझ्या घरी. घरात तुझ्याशिवाय आहे कोण? मांजर. मांजर मी पाहिलं आहे, ते बारीक आहे. म्हणजे सोमवारी येता-जाता एक फोड, मंगळवारी एक, शनिवारपर्यंत हाड चाटून झालं की रविवारी पुन्हा कुणाकडे तरी जेवण. पोट लहान केलं तरी दार दिवसभर उघडंच ठेवतेस तू.

पुढच्या वेळी पिशवी घेऊ नकोस. एवढं सोपं आहे.

सोबत साय पाठवते आहे. ती शेजारणीला दे.
आठवण ठेवणारी,
झुराकान


नारिन, ४ जुलै

ती. एजेस,
सलाम वि. वि.

सोपं आहे म्हणे. तू कधी नाकारली आहेस पिशवी? ताटातलं उरलेलं नाकारलं म्हणजे घर नाकारलं, आणि त्या घरात माझी मुलगी नांदते आहे. रोजचे टोमणे तिला खावे लागतील, मला नाही. बरं, कारण काय सांगू? मी पोट कापून घेतलं तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. विहीणबाईंना मी पित्ताचे खडे काढले असं सांगितलं होतं. आमच्याकडे खाऊन खाऊन पोट कापायची पाळी आली, असं मुलीच्या लग्नात कोण सांगतं?

मागची पिशवी शेजारणीला देऊन पाहिली. भांडं रिकामं कसं परत करायचं म्हणून तिनं ते बोरसोकांनी भरून पाठवलं, कणकेचे गोळे, गरम, नुकते तळलेले. तुझ्या सायीबरोबर चांगले लागले. कुत्र्याला घालावं तर त्या अन्नावर दुवा मागितलेली असते.

काल काटा शंभर. पुन्हा कापा म्हटलं तर डॉक्टरीण म्हणाली की तिनं पोट कापलं होतं, सवय कापायची राहिली, आणि ते हत्यार तिच्याकडे नाही. फार बोलते.

वीस तारखेला विहीणबाईंकडे नातवाच्या पायांत दोरी बांधून कापायची रीत आहे, चालायला लागला म्हणून. आख्खं गाव जेवायला. काय करू ते लवकर लिही.
तुझी, अजून तरी दोन पायांवर उभी,
बुरुल्चा


सोन-कोल, ११ जुलै

चि. बुरुल्चास,
आशीर्वाद.

पित्ताचे खडे तीन वर्षांपूर्वी निघाले म्हणतेस, मग त्यांच्यावर अजून चरबी का चढते आहे? खरं सांगून टाक. उल्जानला त्यांनी घराबाहेर काढलंच तर इकडे पाठव, दूध काढायला माणूस हवंच आहे.

आईचे पाय शेवटी मी धूत होते, तू नाहीस. एकच उरला तेव्हाही. मला ते पुन्हा करायचं नाही.

या वेळी साय पाठवलेली नाही. यावरून समजून घे.
झुराकान


नारिन, २४ जुलै

ती. एजेस,
सलाम वि. वि.

पोर चार पावलं चाललं आणि बसलं. दुवा झाली, जेवण झालं. माझ्यापुढं तोच तुकडा, या वेळी जरा मोठा. मी तीन घास खाल्ले आणि बाकीचा चिरून तिथल्या सुनांच्या हातावर ठेवला. मोठ्यांच्या ताटातलं मिळालं तर कोण नाही म्हणतं. हाड साफ झालं. मला वाटलं, जिंकले. निघताना विहीणबाईंनी, आसिलकाननं, वेगळी भरून ठेवलेली पिशवी हातात दिली.

मी नको म्हटलं. उल्जानच्या हातातली किटली तिरकीच राहिली. मग मी दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं, की खडे नव्हते, जाडी होती, पोट कापून त्याचा एकच वाटा ठेवलाय, तो मी तुमच्या पिशव्यांनी भरला आणि ही घेतली तर मला सुई लागेल.

विहीणबाई म्हणाल्या की त्यांना वाटलं होतं मला आतला रोग आहे, मरणाचा. मी दवाखान्यातून आले, झरझर वाळले आणि कशानं ते धड सांगेना, म्हणून त्यांनी ताडलं; पुढं अंग भरलं तीही त्यांना सूजच वाटली. जाणारं माणूस आहे, चार दिवस चांगलं खाऊ दे म्हणून थोरल्या जावेचा मानाचा तुकडा तीन वर्षं मला वाढला. जाव त्यावरून बोलायची बंद झाली ती झालीच. शेवटी त्यांनी विचारलं, म्हणजे तू मरत नाहीस? मी म्हटलं, पिशवी घेतली नाही तर नाही. त्या म्हणाल्या की तीन वर्षं पाच वेळच्या नमाजात माझं नाव घेतलं, त्याचं आता काय करायचं. पिशवी उचलून आत गेल्या, दार जरा जोरात लागलं.

उल्जानचा फोन नाही. तुला काही कळलं तर कळव.
बुरुल्चा


नारिन, १२ सप्टेंबर

ती. एजेस,
सलाम वि. वि.

साखर पाच पूर्णांक आठ. वजन ब्याण्णव. सुई नाही. डॉक्टरीण हसली, मी नाही, अजून पुष्कळ उतरायचं आहे.

उल्जान बरी आहे. सासू तिला टोमणे मारते, पण माझ्यावरून, तिच्यावरून नाही. रविवारी व्याह्यांची साठी होती. मला बोलावणं आलं. मानाचा तुकडा थोरल्या जावेकडे गेला आणि माझ्याकडे बघत बघत तिनं तो सावकाश खाल्ला. माझ्यापुढं एक बरगडी आली, जी काल आलेल्या सुनेलाही वाढतात, आणि बशीत एक उकडलेलं अंडं. अंडं सोलून दिलं होतं. अपमान की काळजी, ते कळेना. मी अंडं आधी खाल्लं.

चीड आली, लपवत नाही. तीन वर्षं मी त्या घरातली सगळ्यांत मोठी पाहुणी होते, ती मरणाच्या भरवशावर. जगायचं ठरवलं तर बरगडी.

निघताना सगळ्यांच्या हातात पिशव्या होत्या. माझे हात रिकामे, कुठं ठेवावे कळेना, शेवटी कोटाच्या खिशात घातले. बसची वाट न बघता चालत घरी आले, पन्नास मिनिटं लागली. वाटेत दोनदा थांबले. दम लागला म्हणून नाही. मागून कुणी पिशवी घेऊन येतंय का, ते बघायला.

खाली उतरलीस की आधी माझ्याकडे ये, आणि येताना काही आणू नकोस.
तुझीच,
बुरुल्चा