पवळी दिली ते साल

कोल्हापूर, ९ फेब्रुवारी १९१३, रविवार

पवळी गेली. साडेनऊला जहागीरदारांचा ड्रायव्हर तिच्यावर बसला, आमच्या बाबालाल मिस्त्रीनं इंजिन चालू करून दिलं, सौ.नं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मोटार फाटकाबाहेर. वळणावर भोंगा वाजला. सहा वर्षं तो मीच वाजवत होतो, लांबून कसा ऐकू येतो ते आज कळलं.

तिच्या जागी लाल इटालियन मोटार उभी आहे. बुटकी, लांब नाकाची, साखळीवर चालणारी. जहागीरदार म्हणाले होते, "वकीलसाहेब, सगळ्या दख्खनेत असली ही एकच." त्या 'एकच'ला भुललो. गाडीला गाडी, वर काही नाही.

आबा मुडशिंगीहून मुद्दाम आले होते. इटालियनला एक फेरी मारली न् म्हणाले, "चालता बैल दिऊन मोर आणलास व्हय रं." जेवायला थांबले नाहीत. माझे वडील, त्यांना काय बोलणार.

आमच्या लेकीला, ताईला कळवायचं राहिलंय.

१२ फेब्रु., बुध.

इटालियन रंकाळ्यापर्यंत नेली. माणसं दुकानं सोडून रस्त्यावर. एकानं विचारलं, "पावणं, कुठनं आलासा?" जन्म गेला ह्या गावात, आणि मी पावणं. पण मजा आली, स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू. येताना दोनदा बंद पडली. बाबालाल म्हणतो, नवीन हाय, रुळंल. नवीन कसली, पाच वर्षांची आहे.

१७ फेब्रु., सोम.

जहागीरदारांचं पत्र. 'गाडी पोहोचली, उत्तम आहे. मात्र इंजिन फिरवायचे हँडल आलेले नाही. रोज सकाळी आठ माणसे लावून ढकलून चालू करावी लागते. सत्वर पाठवणे.'

बाबालालला बोलावलं. आधी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग: "आबांनी मागितलं की. म्हणाले, जनावर इकताना दावं देत न्हाईत, दाव्यासंगं लक्ष्मी जाती. हिचं दावं कंचं?"

"मग?"

"मी लई इचार केला, सायब. दावं म्हंजे जेच्यानं जनावर आपल्या हातात ऱ्हातं. मग हँडलच की."

ह्या युक्तिवादापुढं कोर्टात मीही टिकलो नसतो.

२० फेब्रु., गुरु.

ताईचं पत्र, गडहिंग्लजहून. आमची एकुलती. लग्नाला दोन वर्षं झाली, आता पाचवा महिना. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, अट घातलीय. पहिलं बाळंतपण माहेरी करा, ना नाही. पण न्यायचं सातव्यातच, आठव्यात पोरीला हलवायची नाही. आणि मोटारीतनंच न्यायचं. बैलगाडीचे धक्के खात पाठवणार नाही, मोटार नसली तर बाळंतपण इथंच. अव्वा बोलल्या म्हणजे झालं, त्या घरात अपील नाही.

खाली ताईच्या अक्षरात: 'आण्णा, मी अव्वांस्नी सांगितलंय, आमची पवळी कधी वाटेत बसत न्हाई. तिलाच घेऊन या.'

सौ.ला पत्र वाचून दाखवलं. शेवटची ओळ गाळली. सौ. म्हणाली, "एवढंच लिवलंय?" एवढंच, म्हणालो.

२१ फेब्रु., शुक्र.

कामात लक्ष नाही. एका गोऱ्या साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याच्याकडनं पवळी घेतली. ताई अकरा वर्षांची. मोटारीभोवती फिरून म्हणाली, हिला नाव नाही? आबांकडं तेव्हा पवळ्या नावाचा बैल होता, म्हणून ही पवळी. दोनच जागा. एक माझी, एक तिची. सौ. गावात मोटारीत बसायला लाजायची. नाक्यापर्यंत टांग्यातनं यायची, मग ताईला मांडीवर घेऊन पवळीत. बारा वर्षांची घोडी आईच्या मांडीवर, पाय बाहेर लोंबकळताहेत.

कागलच्या रस्त्यावर एकदा एका सरदाराची घोडी आडवी आली. तो हसून म्हणाला, होऊन जाऊ दे शर्यत. ताई उभीच राहिली, माझा कोट धरून. "आण्णा, हाणा की!" हाणली. घोडी तीन कोसांवर मागं पडली. ताईचा आवाज दोन दिवस बसला होता. सौ.नं मला हळद-दूध दिलं नाही, तिला एकटीला दिलं.

वरातीनंतर ताईला गडहिंग्लजला पवळीतनंच पोचवली. कागल सोडल्यावर रडायची थांबली आणि म्हणाली, मला चालवू द्या. अर्धा कोस चालवली. शालू नेसून, हातात चुडा. कुणाला सांगितलेलं नाही.

२३ फेब्रु., रवि.

मुडशिंगीला आबांकडं. हँडल गोठ्यात खुंटीला, विकलेल्या बैलांच्या दाव्यांशेजारी. त्याला हळद लावलीय. आबांनी एकेक दावं हातात घेऊन नाव सांगितलं, कुठल्या बाजारात गेला, कुणी नेला. पवळ्याच्या दाव्याला नुसता हात लावला.

म्हणालो, जहागीरदार खोळंबलेत. आबा: "गावात लोहार मेलं व्हय त्येंच्या? घडवून घ्यावं म्हणावं." दिलं नाही. जहागीरदारांना लिहिलं, सापडत नाही, क्षमस्व. वकिलीत ह्याहून मोठ्या थापा पचवल्यात, ही घशात अडकली.

१४ मार्च, शुक्र.

इटालियन बसली ती बसलीच. मॅग्नेटो गेला, म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र. मुंबईच्या दुकानाला तार केली. उत्तर: असल्या गाडीचा भाग इथं नाही, विलायतेहून मागवावा लागेल, किती दिवस ते सांगता येत नाही. बाबालालला वाचून दाखवलं. म्हणाला, "एकच हाय म्हणलं न्हवं त्येंनी. मग हिचा भाग बी एकच."

२ एप्रिल, बुध.

सातवा लागला. सौ.ला सगळं सांगितलं, गाळलेली ओळसुद्धा. भांडली नाही. तवा चुलीवरनं उतरवून ठेवला. "पोरीला काय तोंड दावणार हायसा?" म्हणाली आणि देवापुढं जाऊन बसली. भांडली असती तर बरं.

दरबारातल्या ओळखीच्यांकडं मोटार मागावी का? तिथंच दोन महिने इटालियनची फुशारकी मारलीय. आता मागायला जीभ रेटत नाही.

१९ एप्रिल, शनि.

बाबालालनं जुन्या दोन मॅग्नेटोचा एक केला. इटालियन चालू झाली. लिंबू ओवाळून टाकलं. म्हणतो, गडहिंग्लजला जाऊन येईल. तिसरी जागा नाही, तेव्हा येताना तो टांग्यानं येणार. त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं, खात्री त्यालाही नाही. पण दिवस संपत आलेत.

२२ एप्रिल, मंगळ., कागल

बसली. बरोबर कागलच्या वेशीत. बाबालाल चार तास खाली पडून होता, तेलानं काळा. शेवटी म्हणाला, "सायब, मला माफ करा." त्याची काय चूक. त्याला गाडीपाशी ठेवला, दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, ठरवली, आत दोन गाद्या घातल्या. निघतो आता.

२४ एप्रिल, गुरु., गडहिंग्लज

काल तिन्हीसांजेला पोचलो. ओसरीवर अव्वा. व्याह्याला इकडं बीगर म्हणतात. "काय बीगर, मोटार कुठं हाय?"

"कागलला उभी आहे," म्हणालो.

शब्दन् शब्द खरा. पंचवीस वर्षांची वकिली ह्या एका वाक्याला कामी आली. अव्वांनी दमणीतल्या गाद्या दाबून पाहिल्या, मला आपादमस्तक पाहिलं. "कागलपतुर न्या मग ह्यातनं. हळू." मला वाटतं त्यांना कळलं. पायाला धूळ, कोटाला तेल, मोटारीतनं आलेला माणूस असा दिसत नाही.

ताई भरलीय, गालावर तेज आहे. भाषा थोडी बदललीय, मध्येच कानडी शब्द येतो. कानात म्हणाली, "पवळीला घाट नको म्हणून कागलला ठेवलीसा न्हवं? बरं केलंसा." मी हो म्हणालो. लाज वाटली पाहिजे, वाटली.

२६ एप्रिल, शनि., कागल

दुपारी पोचलो. दोन दिवसांत दहा वेळा सांगायला तोंड उघडलं. कधी बैल थांबला, कधी ताईला डोळा लागला. सबबी, दुसरं काय.

दमणी थांबल्यावर ताईनं पडदा बाजूला करून पाहिलं. लाल गाडी. शेजारी बाबालाल, मान खाली. इकडं तिकडं पाहिलं, अजून कुठं आडोशाला उभी असेल म्हणून. मग सांगितलं. अदलाबदल, सगळं.

ताईनं विचारलं, "पवळी बिघडलीती?"

"नाही."

"कवा वाटेत बसलीती?"

"कधीच नाही."

"मग का दिलीसा?"

ओरडली असती, रुसली असती तर समजूत घातली असती. तिला खरंच कळायचं होतं. मलाही.

इटालियनला दुसऱ्या गाडीचे बैल जोडलेत. कोल्हापूरपर्यंत ती आमच्या मागून येणार.

६ मे, मंगळ.

ताई घरी रुळली. आबा रोज मुडशिंगीहून तिच्यासाठी दूध पाठवतात, मला निरोप नाही.

आज जहागीरदारांना पत्र टाकलं. मान खाली घालून लिहिलं: पवळी परत द्याल का? आपली गाडी बिघडलेली आहे, तेही लिहिलं. ताईला सांगितलं नाही. परत आल्यावरच दाखवीन. बाळाला घेऊन सासरी जाईल ती पवळीतनंच.

१५ जून, रवि.

जहागीरदारांचं उत्तर. खुशीनं देतो म्हणतात. पवळी एकदाही बंद पडली नाही, लोहारानं हँडल उत्तम केलं. पण तिच्याकडं कुणी वळून पाहत नाही, आणि लाल गाडीची लोक अजून चौकशी करतात. बिघडलेली असली तरी चालेल, दारात उभी असली म्हणजे पुरे. 'होकार कळवताच पाठवतो.'

पत्र घेऊन धावतच आत गेलो. ताई पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती, दिवस भरत आलेत. वाचून दाखवलं. ह्या वेळी एकही ओळ गाळली नाही.

हसली. मग म्हणाली, "आणा की. पण आण्णा, तिला आता तिकडल्या हाताची सवय झाली असंल. लगीच तुमचं ऐकायची न्हाई."

"चार दिवसांत ऐकेल," म्हणालो.

"बघा. मला इथं येऊन दीड महिना झाला. पहाटं जाग आली की अजून अव्वांची हाक ऐकू येती."

सहज बोलली. सौ.नं भात वाढला, जेवलो.

होकाराचं पत्र लिहायला बसलो होतो. मायना लिहून झालाय, पुढं अजून काही लिहिलेलं नाही.