धुराचा धनी

लिहितो लिहितो म्हणत तीन दिवस काढले. आधी पेन नव्हतं, मग वॉर्डच्या खिडकीतून मिलची चिमणी दिसली आणि कागदावर तीच काढत बसलो. उद्या सकाळी पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे, आता टाळून चालणार नाही.

मी जगन रामचंद्र घाडी, वय चोवीस, धंदा निसर्गचित्रं काढणे, राहणार लालबाग, शुद्धीत राहून आणि कुणाच्या दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शेजारच्या खाटेवरचे बाबुराव मान लांबवून वाचतायत, म्हणून अक्षर बारीक आहे.

एक. खोली अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर आहे. ते मिलमध्ये साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. संप लांबला तसे गावी गेले. त्याला दोन वर्षं झाली. परत मुंबईत पाऊल टाकलं नाही, असं आई सांगते. तेव्हा खोलीचं मी काय देणार?

दोन. ब्रश, रंगपेटी आणि घडीची खुर्ची मावसबहीण सुभद्राला. खुर्चीवर बसून मासे साफ करू नयेत. (करेलच.)

तीन. माझ्या चित्रांना फ्रेम करणारा माधव याला काहीही नाही. कारण लिहितो. संपातली बंद मिल मी चार महिने गच्चीवरून रंगवली. चिमणी कोरी, धूर नाही. चित्र घरी ठेवलं आणि आठ दिवस म्हणून हर्णैला गेलो, तो दोन महिने किनाऱ्यानेच भटकत राहिलो. आल्यावर गुंडाळलेलं चित्र न बघताच माधवकडे दिलं. प्रदर्शनात बघतो तर चिमणीतून धूर! आणि लोक तिथेच थबकून, "धूर काय जिवंत आहे हो!" सहा वर्षांत माझं एवढंच कौतुक झालं, तेही दुसऱ्याच्या हाताचं.

माधव म्हणतो, "आईशपथ जग्या, मी फक्त खिळे मारले." मग बोटांना रंग कसला? म्हणे पॉलिश. आईला विचारलं तर "माका काय ठावक?" म्हणून स्टोव्हला पंप मारत बसली. स्टोव्ह पेटलेलाच होता.

चार. ज्याने धूर काढला त्याने माझ्यासमोर, मी नसलो तर आईसमोर, कबूल करावं. चित्र त्याचं. तोवर ते भिंतीकडे तोंड करून ठेवावं.

साक्षीदार: बाबुराव तावडे, शेजारची खाट. राधाबाई, वॉर्डातली आया.
ठिकाण: परळ. १४ नोव्हेंबर १९८४, दुपारी चार, भेटीची वेळ.

सही:

पेन टेकवलं तेवढ्यात राधाबाई म्हणाली, "थांब रे, तुझा बापूस आलाय." खरंच अण्णा. खाटेशी उभे आहेत, टोपी हातात. तब्येतीचं विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "जग्या, माझो धूर पुसलंस नाय मां?"